मिकल्सनने डेन्मार्क सोडलाच नाही

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी अभिनेत्री ३२ वर्षांची आहे. मूळची सांगलीची, लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेली. कॉलेजात एकांकिका स्पर्धा केल्या, मग पुण्यात प्रायोगिक नाटकं, काही मराठी चित्रपटांत दुय्यम भूमिका. सध्या एका नाटकाचे प्रयोग चालू आहेत. ऑडिशनचा व्हिडिओ पाठवून तिला एका युरोपीय निर्मितीच्या इंग्रजी मालिकेत काम मिळालं आहे. भूमिका स्थलांतरित मोलकरणीची, चार भागांची. चित्रीकरण परदेशात, काही महिने. करारात पुढच्या पर्वांसाठी बांधून घेणारं कलम आहे. नेमकं याच वेळी, जिच्या नाटकांत तिने याआधी काम केलं आहे अशी एक दिग्दर्शिका तिच्यासाठी मध्यवर्ती भूमिका असलेला मराठी चित्रपट लिहिते आहे. पैसे थोडे, तारखा अजून ठरलेल्या नाहीत. मित्रमंडळी म्हणतात, ‘मॅड्स मिकल्सन बघ, डॅनिशसारख्या छोट्या भाषेतून निघाला आणि बाँडपटात पोहोचला, तू कसली वाट बघतेस?’ नाटकातले गुरू म्हणतात, ‘एकदा गेलीस की गेलीस.’ तिचे प्रश्न असे: मराठीचं डबकं सोडायची हीच वेळ आहे का? की आधीच उशीर झाला? माझे इंग्रजी उच्चार भारतीय आहेत, त्याचं काय? आणि नृत्यात घातलेली वर्षं फुकट गेली का?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मित्रांनी मिकल्सनचं उदाहरण दिलं हे चांगलंच केलं. फक्त त्याची गोष्ट त्यांनी अर्धी सांगितली. उरलेली अर्धी तुमच्या निर्णयासाठी जास्त कामाची आहे, म्हणून आज त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचं बघू, कारण पत्रातली सगळ्यात मोठी धास्ती तीच दिसते. मिकल्सन हा डॅनिश नट १९६५ साली कोपनहेगनमध्ये जन्मला. लहानपणी जिम्नॅस्टिक्स, त्यातून नृत्य, आणि मग जवळपास दशकभर तो पोटापाण्यासाठी नाचत होता. ऑर्हूसच्या नाट्यशाळेतून तो १९९६ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी निकोलस विंडिंग रेफ्न या तरुण दिग्दर्शकाचा ‘पुशर’ आला, तो त्याचा पहिला चित्रपट. तेव्हा तो ३० वर्षांचा होता. ऑस्ट्रियाचा क्रिस्टोफ वाल्ट्झ तर अनेक दशकं जर्मन भाषेतल्या टीव्हीवर काम करत होता. २००९ मध्ये ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’साठी कान महोत्सवात त्याला अभिनयाचा पुरस्कार मिळाला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता.

ही उदाहरणं पुरुषांची आहेत, आणि बाईच्या वयाकडे हा व्यवसाय वेगळ्या नजरेने बघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सिडसे बॅबेट नुडसनकडे बघा. तीही डेन्मार्कचीच. ‘बोर्गन’ या डॅनिश मालिकेत तिने पंतप्रधान बिर्गिट नीबोर्ग साकारली. मालिका २०१० मध्ये सुरू झाली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. जगभरच्या प्रेक्षकांनी तिला ओळखलं ते या कामामुळे. त्यानंतर २०१६ मध्ये एका फ्रेंच चित्रपटातल्या भूमिकेसाठी तिला फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ‘वेस्टवर्ल्ड’ या अमेरिकी मालिकेत ती दिसली. तुम्ही ३२ वर्षांच्या आहात. उशीर झालेला नाही. पण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हा धाक मनात ठेवून केलेली सही बहुधा वाईट करारावर होते, म्हणून तो धाक आधी बाजूला काढून ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आता डबक्याविषयी. हा शब्द तुमचा आहे, आणि तो मला लागला. डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ६० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती, आणि मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. भाषा बोलणाऱ्यांच्या संख्येवरून कलेचा आकार ठरत असता तर कोपनहेगनने पुण्याकडे आशेने बघायला हवं होतं. तेव्हा फरक कुठे आहे ते नीट बघायला हवं. तो भाषेत नाही.

तिकडे राज्यसंस्थेने सिनेमाची जबाबदारी पूर्वीच घेतली. डेन्मार्कची राष्ट्रीय चित्रपटशाळा १९६६ ची, डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट १९७२ ची. इन्स्टिट्यूट पटकथा लिहिण्यापासून निर्मितीपर्यंत टप्प्याटप्प्याने पैसा देते. सुझान बिअर, थॉमस विंटरबर्ग, निकोलाय आर्सेल हे तिघेही त्याच चित्रपटशाळेतून आले, आणि मिकल्सनच्या अनेक महत्त्वाच्या डॅनिश भूमिका यांच्याच चित्रपटांतल्या. महाराष्ट्र शासनही मराठी चित्रपटाला अनुदान देतं, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, दर्जा ठरवून. लिहिण्याच्या काळात, तालमीच्या काळात, कलाकाराने थांबून राहावं यासाठी हाती काही नसतं. तुमच्या दिग्दर्शिकेकडे तारखा नाहीत याचं कारण बहुधा हेच असणार. तिच्या मनात तुमच्याविषयी शंका आहे असा अर्थ त्यातून काढू नका.

म्हणून मिकल्सनची कारकीर्द जशीच्या तशी गिरवता येईल असं मी म्हणणार नाही. त्याला परतायला घर होतं आणि त्या घराला पगार होता. तुम्हाला घर आहे, पगाराची सोय स्वतः करावी लागेल. हा फरक लक्षात ठेवून त्याच्याकडून जे घेण्यासारखं आहे ते घ्या.

आता गोष्टीचा राहिलेला भाग. मित्र म्हणतात तो बाँडपट म्हणजे ‘कॅसिनो रॉयल’, नोव्हेंबर २००६. त्यात तो ल शिफ्र नावाचा खलनायक आहे. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये सुझान बिअरचा ‘आफ्टर द वेडिंग’ लागला होता. त्यात तो भारतात अनाथाश्रम चालवणारा याकोब आहे, संस्थेसाठी पैसे मिळवायला कोपनहेगनला परततो आणि तिथे त्याला स्वतःच्या भूतकाळाला तोंड द्यावं लागतं. गंमत म्हणजे नुडसनही त्याच चित्रपटात आहे. त्या चित्रपटाला ऑस्करचं परभाषी चित्रपटासाठीचं नामांकन मिळालं. एकाच वर्षात एक माणूस एका पडद्यावर पत्त्यांच्या टेबलाशी बसलेला गुन्हेगारांचा सावकार आहे आणि दुसऱ्या पडद्यावर बाप होणं म्हणजे काय ते शिकतो आहे. मित्र पहिला चित्रपट सांगतात. दुसरा सांगत नाहीत, कारण बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो.

पुढेही हेच चालू राहतं, म्हणून मी याला योगायोग समजत नाही. २०१२ मध्ये कानमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो विंटरबर्गच्या ‘द हंट’साठी. डॅनिश चित्रपट, डॅनिश गाव, बालवाडीत काम करणारा आणि खोट्या आरोपाने गावातून उठलेला माणूस. २०२१ मध्ये ऑस्कर जिंकला तो ‘अनदर राउंड’, पुन्हा विंटरबर्ग, पुन्हा डॅनिश, आणि भूमिका थकलेल्या शाळामास्तरांची. २०२३ मध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं ते आर्सेलच्या ‘बास्टार्डन’साठी, अठराव्या शतकातल्या जटलंडच्या माळरानावर शेती उभी करू बघणाऱ्या एका हट्टी निवृत्त सैनिकाच्या कामाबद्दल. हे सगळं घरच्या भाषेत. बाहेर मात्र ल शिफ्र, ‘हॅनिबल’ मालिकेतला नरभक्षक हॅनिबल लेक्टर, ‘डॉक्टर स्ट्रेंज’मधला केसिलियस, ‘फँटास्टिक बीस्ट्स’मधला ग्रिंडेलवाल्ड, इंडियाना जोन्सच्या २०२३ च्या चित्रपटातला नाझी शास्त्रज्ञ. ‘रोग वन’मधला बाप वगळला तर मोठ्या अमेरिकी चित्रपटांनी त्याच्याकडून बहुतेक वेळा क्रौर्यच मागितलं. परकी ढब असलेल्या माणसाला इंग्रजी सिनेमा कुठे उभं करतो, ते या यादीत स्पष्ट दिसतं. तुम्हाला मोलकरणीची भूमिका आली, तीही याच सवयीतून.

म्हणून तुमच्या पत्राच्या मुळाशी असलेलं गृहीतक मला तपासावंसं वाटतं. तुम्ही मराठीला खालची पायरी आणि इंग्रजी मालिकेला वरची पायरी मानून बोलता आहात. मिकल्सनच्या बाबतीत बाहेरच्या कामाने पैसा दिला, ओळख दिली, आणि त्या ओळखीमुळे त्याचे डॅनिश चित्रपट डेन्मार्कबाहेर जास्त बघितले गेले. पण माणूस म्हणून तो पूर्ण दिसला तो घरी. दोन्हींचा एकमेकांना उपयोग झाला, आणि एक जिना चढून दुसरा मागे टाकावा असा प्रसंग त्याच्यावर आलाच नाही. निदान त्याने तो येऊ दिला नाही.

हे त्याने कसं जमवलं असेल? माझ्या मते याचं मोठं श्रेय एका लेखकाकडे जातं. अँडर्स थॉमस येन्सन. येन्सनने स्वतः दिग्दर्शित केलेल्या प्रत्येक पूर्ण लांबीच्या चित्रपटात मिकल्सन आहे: ‘फ्लिकरिंग लाइट्स’ २००० मध्ये, मग ‘द ग्रीन बुचर्स’, ‘अ‍ॅडम्स अ‍ॅपल्स’, ‘मेन अँड चिकन’, ‘रायडर्स ऑफ जस्टिस’, आणि अलीकडचा २०२५ चा ‘द लास्ट व्हायकिंग’. शिवाय सुझान बिअरसाठी ‘ओपन हार्ट्स’ आणि ‘आफ्टर द वेडिंग’ येन्सननेच लिहिले, आणि ‘बास्टार्डन’च्या लेखनातही तो आहे. पंचवीस वर्षं एक लेखक एका नटासाठी विचार करतो आहे. कधी कसाई, कधी कुठल्याही संकटात देवावरचा विश्वास न सोडणारा पाद्री, कधी बायको गमावलेला सैनिक. त्यातल्या बऱ्याच भूमिका विचित्र आहेत, हास्यास्पद म्हणाव्यात अशा. सुंदर चेहऱ्याच्या नटाला असं काही करायला देण्याचं धाडस त्याला आतून ओळखणाराच करतो. लॉस एंजेलिसमधली कोणती कास्टिंग एजन्सी हे करणार होती?

तुमच्यासाठी लिहिणारी एक दिग्दर्शिका आहे. पत्रात तिचा उल्लेख दोन ओळींत येतो, आणि मालिकेवर दीड पान आहे. मला हे प्रमाण उलटं व्हावंसं वाटतं. नटाच्या आयुष्यात असा माणूस फार थोड्या वेळा येतो, कित्येकांच्या येतच नाही.

म्हणजे मालिका नाकारा असं मी म्हणते आहे का? नाही. आणि तुमच्या गुरूंशी इथे मी आदराने असहमत आहे. मिकल्सनची ‘हॅनिबल’ ही मालिका २०१३ ते २०१५ अशी तीन पर्वं चालली, ३९ भाग, चित्रीकरण टोरोंटोला. म्हणजे वर्षातले कित्येक महिने घरापासून दूर. त्याच काळात त्याचे ‘द साल्व्हेशन’ आणि ‘मेन अँड चिकन’ हे डॅनिश दिग्दर्शकांचे चित्रपट आले. आर्सेलचंही बघा. तो हॉलिवूडला गेला, २०१७ मध्ये ‘द डार्क टॉवर’ केला, तो चित्रपट काही जमला नाही. मग परतला आणि मिकल्सनला घेऊन ‘बास्टार्डन’ केला. जाणारा माणूस तुटतो तो अंतरामुळे नव्हे. फोन थांबतात, वाचनं थांबतात, ‘तिला आता आपलं काम काय आवडणार’ असं इकडचे लोक परस्पर ठरवून टाकतात, आणि ती समजूत मोडायला कुणी येत नाही. गुरूंनी हे अनेकदा झालेलं पाहिलं असेल, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांचा अनुभव खरा आहे. उपाय मात्र न जाणं हा नव्हे.

शिवाय आपल्याकडे घरची भाषा घेऊन बाहेर पोहोचलेली उदाहरणं आहेत. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. त्यातली सरकारी वकील आठवा. घरी स्वयंपाक करणारी, मुलाला आणणारी, आणि न्यायालयात कायद्याचं पुस्तक सपाट आवाजात वाचून दाखवणारी. गीतांजली कुलकर्णीने ती मराठी बाई अशी उभी केली की जगात कुठेही ती ओळखू यावी. २०२० मध्ये ताम्हाणेच्याच ‘द डिसायपल’ला व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. आणि पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरून निघालेली राधिका आपटे २०२४ मध्ये ‘सिस्टर मिडनाइट’ घेऊन कानच्या डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात होती. वाट अवघड आहे, पण ती पूर्वी कुणी चाललेलीच नाही असं नाही.

मालिकेबद्दल आता नेमकं बोलू. पहिली गोष्ट भूमिका. मोलकरीण आहे म्हणून भूमिका लहान ठरत नाही. ल शिफ्रकडे परत बघा. कागदावर तो बाँडपटातला नेहमीचा खलनायक आहे, डोळ्यातून रक्त येणारा. पण पटकथेने त्याला एक निकड दिली आहे: त्याने अतिरेक्यांचे पैसे जुगारासारखे लावून घालवले आहेत आणि ते भरून काढले नाहीत तर ते त्याला मारतील. तो घाबरलेला आहे. मिकल्सनने ती भीती पकडली, म्हणून आपल्याला तो लक्षात राहिला. तुम्ही निर्मात्यांकडून चारही भागांच्या संहिता मागून घ्या. फक्त तुमचे प्रसंग देतो म्हणाले तर पूर्ण संहितेचा आग्रह धरा. गुप्ततेचा करार करावा लागला तर करा, पण वाचल्याशिवाय होकार देऊ नका. वाचताना बघा की या बाईला कुठल्या तरी प्रसंगात स्वतःचं काही हवं आहे का. तिला नाव आहे का, ती कुणाला खोटं बोलते का, एखादा निर्णय घेते का. चारही भागांत ती फक्त चहा आणून देत असेल आणि घरातल्या गोऱ्या कुटुंबाच्या दुःखाकडे कणवेने बघत असेल, तर त्या कामातून पैसा मिळेल, पुढचं काम मिळेलच असं नाही. पैशासाठीही काम करावं, त्यात कमीपणा नाही. फक्त आपण ते कशासाठी करतो आहोत ते स्वतःशी स्पष्ट असावं.

दुसरी गोष्ट ते बांधून घेणारं कलम. इथे मला काळजी वाटते. अशा करारांत पुढचं पर्व करायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याकडे असतो, थांबून राहण्याचं बंधन तुमच्यावर. तुमच्या दिग्दर्शिकेच्या तारखा ठरतील आणि नेमक्या तेव्हा तुम्ही मोकळ्या नसाल, हे सहज होऊ शकतं. म्हणून विचारायचं ते असं: किती पर्वांसाठी बांधून घेत आहेत? पुढच्या पर्वाचा निर्णय त्यांनी कोणत्या तारखेपर्यंत कळवायचा, आणि त्या तारखेनंतर तुम्ही मोकळ्या का? प्रत्येक पर्वाला मानधन किती वाढणार? मधल्या काळात दुसरं काम करायला मनाई आहे का, असेल तर कुठल्या प्रकारच्या? चित्रीकरणाच्या तारखांखेरीज मराठी नाटक आणि मराठी चित्रपट करण्याची मुभा करारात शब्दांनी लिहून घ्या. निर्मात्यांना त्याने फारसं काही बिघडत नाही, त्यामुळे ही मागणी बऱ्याचदा मान्य होते. तोंडी आश्वासनावर राहू नका. तो माणूस प्रामाणिक असला तरी पुढच्या पर्वापर्यंत तो त्या कंपनीत असेलच असं नाही.

हे कलम वकिलाकडून वाचून घ्या, आणि मनोरंजन क्षेत्रातले करार पाहिलेला वकील शोधा. सिंटा या चित्रपट-टीव्ही कलाकारांच्या संघटनेच्या सदस्य असाल तर तिथेही विचारा. परदेशात मिळणाऱ्या मानधनावर तिथे किती कर कापला जाणार आणि इथे त्याचं काय होणार, हे सही करण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारा. व्हिसा, राहणं, विमा, रोजचा भत्ता आणि परतीचं तिकीट कुणाच्या खर्चाने, हेही कागदावर हवं. मानधनाचा आकडा मोठा दिसतो आणि यातला एकेक खर्च तुमच्या अंगावर आला की तो आकडा झपाट्याने आटतो.

उच्चारांची भीती मात्र मनातून काढून टाका. मिकल्सनने इंग्रजीतल्या भूमिका त्याच्या ढबीसकट केल्या. हॅनिबल लेक्टर कथेतच लिथुआनियातून आलेला आहे, त्यामुळे ती ढब तिथे शोभलीच. तुमचं पात्र स्थलांतरित आहे, तुमचे उच्चार म्हणजे त्या बाईचा इतिहासच आहे. मेहनत स्पष्टतेवर करा: वाक्याचा शेवट गिळला जात नाही ना, जोर योग्य शब्दावर पडतो ना. निर्मात्यांकडे भाषा-प्रशिक्षक असतो, तो तुम्हाला किती दिवस आधी मिळेल ते विचारा. एक मात्र सांगते, ‘जास्त भारतीय’ बोलण्याची मागणी आली तर ती पात्र कुठल्या प्रांतातलं आहे या प्रश्नाकडे वळवा. तुम्हाला सांगलीचं इंग्रजी कसं असतं ते माहीत आहे, लिहिणाऱ्याला कदाचित माहीत नसेल.

भाषा शिकण्याची तयारी असेल तर ती फार लांब नेते, याचंही एक उदाहरण देते. आर्सेलच्याच ‘अ रॉयल अफेअर’ या २०१२ च्या चित्रपटात मिकल्सनसमोर डेन्मार्कची राणी होती अलिशिया विकांडर. ती स्वीडिश. त्या भूमिकेसाठी ती डॅनिश शिकली. चार वर्षांनी तिने इंग्रजी चित्रपटासाठी ऑस्कर घेतलं.

आणि नृत्याची वर्षं. ‘अनदर राउंड’चा शेवट पाहिला नसेल तर जरूर पाहा. बंदराच्या धक्क्यावर शाळा संपलेल्या मुलांची मिरवणूक आहे, आणि तो मास्तर, जो पूर्ण चित्रपटभर आखडलेला आहे, नाचू लागतो. आधी थोडं, मग थांबतो, मग सगळं अंग सोडून. मिकल्सन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता आणि व्यावसायिक नृत्य सोडून त्याला किती तरी वर्षं झाली होती. चित्रपटाचा सगळा भार त्या नाचावर आहे. दुःख आणि मोकळेपणा एकाच वेळी, एकही शब्द न बोलता. ते अंग नाट्यशाळेने दिलेलं नव्हतं. पण हेही खरं की तो फक्त शेवटीच नर्तक नाही. ‘द हंट’मध्ये तो चर्चच्या बाकावर नुसता मान वळवून बघतो तेव्हाही शरीरावर काबू असलेला माणूस दिसतो. भरतनाट्यमने तुम्हाला पायांचं भान, नजरेची शिस्त आणि स्थिर उभं राहण्याची ताकद दिली आहे. कॅमेऱ्यासमोर यांतलं शेवटचं सगळ्यात दुर्मीळ. रियाज सोडला असेल तर परत सुरू करा, परदेशातल्या हॉटेलच्या खोलीतही तो करता येतो.

मग माझं मत काय? संहिता वाचून त्या बाईत काही जीव दिसला आणि कलम सैल करून मिळालं, तर मालिका करा. एका पर्वापुरती, डोळे उघडे ठेवून. कलम जसंच्या तसं राहिलं आणि अनेक पर्वांसाठी तुम्हाला इकडच्या कामापासून अडवणारं असेल, तर चार भागांच्या भूमिकेसाठी ते फार महाग आहे. मी तिथे थांबेन. मानधन चांगलं आहे असं तुम्ही लिहिता. ते मिळालं तर त्यातली एक रक्कम वेगळी काढून ठेवा, मराठी चित्रपटाच्या कमी पैशांच्या महिन्यांसाठी. डेन्मार्कमध्ये नटाला घरी काम करणं परवडावं म्हणून जे सरकार करतं, ते तुम्हाला थोडंफार असं स्वतःच करावं लागेल.

चालू नाटकाचा प्रश्नही आहे. निर्मात्याला आणि सहकलाकारांना आजच सांगा, करार नक्की झाल्यावर नको. बदली कलाकार घेऊन तालमी करायला त्यांना वेळ मिळायला हवा, आणि तुमच्या जागी येणाऱ्या मुलीच्या तालमीला तुम्ही स्वतः हजर राहा. नाटकाच्या लोकांना अंतर चालतं, प्रयोग अडकवलेला ते विसरत नाहीत.

हे पत्र वाचणाऱ्या, पण अजून कुठलीच ऑफर न आलेल्या मुलामुलींसाठीही दोन शब्द. बाहेरचं काम बहुतेकदा घरच्या कामाकडे बघूनच येतं. तेव्हा आपल्या मराठी कामाचे चांगले तुकडे नीट इंग्रजी सबटायटल देऊन तयार ठेवा, अनुवाद चांगल्या माणसाकडून करून घ्या. ऑडिशनचा व्हिडिओ साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, आवाज स्वच्छ येईल असा करा, सजावटीवर वेळ घालवू नका. इंग्रजीत एक उतारा आणि मराठीत एक उतारा पाठवा. परक्या दिग्दर्शकाला भाषा कळत नसली तरी तुम्ही मातृभाषेत कुठे मोकळे होता ते त्याला दिसतं. आणि आपल्या वयाचा एखादा लेखक, एखादी दिग्दर्शिका हेरून ठेवा, त्यांच्या वाचनांना जा, त्यांच्या फसलेल्या नाटकांतही कामं करा.

मैत्रिणी, तुम्ही मला विचारलं की दिग्दर्शिकेला हे सगळं कधी सांगावं, आणि सांगितल्यावर ती दुसरी कुणी शोधेल का. शोधूही शकते. तरी निर्मात्यांना उत्तर पाठवायच्या आधी तिला भेटा, फोनवर नको. करारातल्या तारखा तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, तुझा चित्रपट लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकतो आणि मी कुठले महिने मोकळे ठेवू. ती जे महिने सांगेल ते करारात वगळून मागा. तिच्याकडे अजून महिने नसतील तर पटकथेचा पहिला खर्डा मागा, तो सोबत घेऊन जा, वाचत राहा, टिपणं पाठवत राहा. आणि निर्मात्यांची मुदत शुक्रवारची आहे असं तुम्ही लिहिलं आहे, तर आणखी आठवडाभर मागून घ्या. संहिता वाचायला आणि वकिलाला कलम दाखवायला तेवढा वेळ लागतोच, त्यांनाही ते माहीत असतं.